रस्ता ओलांडताना : क्वीन्स बुलेव्हार्डची शंभर वर्षे

न्यूयॉर्क परिसरात राहणाऱ्या मराठी माणसाचा क्वीन्स बुलेव्हार्डशी कधी ना कधी संबंध आलेला असतोच. कुणी पहिल्या नोकरीच्या वेळी एल्महर्स्टला चार मित्रांत मिळून जागा घेतलेली असते, कुणी रेगो पार्कला पहिला संसार थाटलेला असतो, तर कुणी क्यू-६० बसची वाट बघत थंडीत कुडकुडलेले असते. पुढे मुले होतात, शाळांचा विचार सुरू होतो आणि मंडळी लाँग आयलंड किंवा न्यू जर्सीकडे सरकतात. रस्ता मात्र आठवणीत राहतो, तो त्याच्या रुंदीमुळे!

स्मरणिकेत इतिहासाचा लेख म्हटला की शिवकाळ, पेशवाई किंवा स्वातंत्र्यलढा असे विषय डोळ्यांसमोर येतात, आणि ते योग्यच आहे. पण ज्या शहरात आपण राहतो, कर भरतो आणि आपली मुले वाढवतो त्या शहराच्या एका रस्त्यालाही इतिहास असतो. तो कुणासाठी बांधला गेला, त्यावर कुणाचा हक्क मानला गेला आणि कुणाचे जीव गेले, हे समजून घेतले तर आजचे बरेच वाद उलगडतात. म्हणून हा खटाटोप.

पूल आला, रस्ता आला

१८९८ मध्ये क्वीन्स हा भाग बृहन्न्यूयॉर्क शहरात सामील झाला. तेव्हा तिथे शेते, बागा आणि विखुरलेली छोटी गावे होती. मॅनहॅटनला जायचे तर नदी ओलांडायला फेरीबोट. ३० मार्च १९०९ रोजी क्वीन्सबरो पूल खुला झाला आणि सगळे चित्रच पालटले. पुलावरून उतरणारी वाहतूक पुढे जमैकापर्यंत नेण्यासाठी थॉमसन अॅव्हेन्यू आणि हॉफमन बुलेव्हार्ड हे जुने रस्ते जोडून, रुंद करून एक मोठा रस्ता तयार करण्यात आला. तोच क्वीन्स बुलेव्हार्ड. लांबी सात मैलांहून थोडी जास्त.

सुरुवातीला या रस्त्यावर ट्राम धावत होती. १९१७ मध्ये सनीसाइड भागात रस्त्याच्या मधोमध काँक्रीटच्या कमानींवरून उन्नत रेल्वे सुरू झाली. तीच आजची ७ नंबरची गाडी. १९३३ पासून पुढच्या चार वर्षांत टप्प्याटप्प्याने भुयारी रेल्वेही आली आणि तिचा मोठा भाग याच रस्त्याखालून गेला. १९३७ मध्ये ट्राम बंद पडली आणि तिची जागा बसने घेतली.

या सगळ्या काळात माणसे किती वाढली पाहा. १९१० च्या जनगणनेत क्वीन्सची लोकसंख्या होती २ लाख ८४ हजार. १९३० मध्ये ती झाली १० लाख ७९ हजार! म्हणजे वीस वर्षांत जवळजवळ चौपट. रेगो पार्क या नावाची गंमत पुष्कळांना ठाऊक नसते. ते कुणा रेगो नावाच्या माणसावरून पडलेले नाही. १९२० च्या दशकात तिथे घरे बांधणाऱ्या ‘रिअल गुड कन्स्ट्रक्शन कंपनी’च्या पहिल्या दोन शब्दांची ती आद्याक्षरे आहेत!

घरे वाढली, दुकाने वाढली, शाळा आणि दवाखाने आले. आणि त्याच वेळी रस्ता मात्र अधिकाधिक महामार्गासारखा होत गेला. १९४१ मध्ये तर त्याचा चक्क द्रुतगती मार्ग करण्याचा प्रस्ताव पुढे आला होता. तो प्रत्यक्षात उतरला नाही, पण रस्त्याची वृत्ती तीच राहिली. मध्ये वेगवान गाड्यांचे मुख्य पदर, दोन्ही कडांना दुकानांपुढून जाणारे सेवा रस्ते, त्यांच्यामध्ये दुभाजक. काही ठिकाणी एकूण बारा पदर आणि रुंदी २०० फूट. एका काठाला तुमचे घर आणि दुसऱ्या काठाला दूध, औषधे आणि बसथांबा! मधे नदी असावी तसा हा रस्ता, फक्त पाण्याऐवजी गाड्यांचा.

रस्ता कुणाचा?

इथे थोडे मागे जायला हवे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या शहरांतले रस्ते आपल्याकडच्या पेठांतल्या रस्त्यांहून फारसे वेगळे नव्हते. घोडागाड्या, फेरीवाले, ट्राम, खेळणारी मुले, गप्पा मारणारी माणसे सगळे एकत्र. रस्ता कुठेही ओलांडणे हा गुन्हा नव्हता, तो साधा व्यवहार होता.

१३ सप्टेंबर १८९९ रोजी मॅनहॅटनमध्ये ७४व्या रस्त्याजवळ हेन्री ब्लिस नावाचे गृहस्थ ट्राममधून उतरत असताना त्यांना एका विजेवर चालणाऱ्या टॅक्सीने धडक दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते वारले. अमेरिकेत मोटारगाडीच्या धडकेने मृत्यू पावलेले पहिले पादचारी म्हणून त्यांची नोंद केली जाते. अपघाताच्या जागी १९९९ मध्ये, शंभर वर्षे झाली तेव्हा, एक स्मृतिफलकही लावला गेला.

पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत मोटारी स्वस्त झाल्या आणि मृत्यूंची संख्या हजारोंच्या घरात गेली. मरणाऱ्यांत मुले फार असत. शहरांतून संतापाची लाट उसळली, गाड्यांच्या वेगावर यांत्रिक बंधन घालावे अशा मागण्या झाल्या. पीटर नॉर्टन या इतिहासकाराने आपल्या २००८ च्या पुस्तकात पुढे काय झाले ते सविस्तर मांडले आहे. मोटार उद्योगाने आणि मोटार क्लबांनी जोरदार प्रचार करून दोषाचे बोट चालकाकडून पादचाऱ्याकडे वळवले. त्यासाठी एक शब्द कामी आला : ‘जेवॉकर’. त्या काळच्या बोलीत ‘जे’ म्हणजे खेडवळ, शहरात कसे वागावे हे न कळणारा गावंढळ. भर रस्त्यात चालणारा माणूस एका शब्दात अडाणी ठरला! न्यूयॉर्कमध्ये मधूनच रस्ता ओलांडण्यावर १९५८ मध्ये बंदी आली. ती रद्द करणारा कायदा नगर परिषदेने संमत केला तो थेट २०२४ मध्ये.

शब्दांची ताकद अशी असते. रस्ता सगळ्यांचा होता, तो गाड्यांचा झाला. पादचारी पाहुणा झाला, आणि पाहुण्याने कसे, जपून वागावे!

मृत्यूचा बुलेव्हार्ड

क्वीन्स बुलेव्हार्डवर या विचाराची किंमत सर्वांत ठळकपणे दिसली. १९९७ या एका वर्षात या एका रस्त्यावर १८ पादचारी मरण पावले. १९९३ ते २००० या आठ वर्षांत हा आकडा सत्तरच्या वर गेला. वर्तमानपत्रांनी त्याचे नावच ठेवले ‘मृत्यूचा बुलेव्हार्ड’. १९९० पासून २०१५ पर्यंतचा हिशेब केला तर सुमारे १८५ माणसे इथे दगावली आणि त्यांतली जवळजवळ तीन चतुर्थांश पायी चालणारी होती.

प्रशासनाने काही केले नाही असे नाही. वेगमर्यादा ताशी ३५ मैलांवरून ३० वर आणली गेली. सिग्नलच्या वेळा वाढवल्या. माणसांनी मधूनच रस्ता ओलांडू नये म्हणून दुभाजकांवर कुंपणे घातली. आणि जिथे जिथे मृत्यू झाला होता तिथे मोठ्या पाट्या लावल्या : इथे रस्ता ओलांडताना एक पादचारी ठार झाला आहे, सावध राहा. या पाट्या मी स्वतः वाचलेल्या आहेत. त्यांचा हेतू चांगला असेल, पण त्यांत गाडीचा, वेगाचा किंवा रस्त्याच्या रचनेचा उल्लेख नव्हता. जणू काही पादचारी आपला आपणच ठार झाला!

मी व्यवसायाने संगणक क्षेत्रातला. आमच्याकडे एकच तक्रार अठरा वेगवेगळ्या माणसांकडून आली, तर ‘वापरणाऱ्याची चूक’ असा शेरा मारून ती बंद करता येत नाही. प्रणालीतच दोष आहे हे उघड असते. या रस्त्याचेही तसेच होते.

साधे गणित करून पाहू. सिग्नलची वेळ ठरवताना अमेरिकेत अनेक वर्षे असे धरले जाई की माणूस सेकंदाला ४ फूट चालतो. २००९ मध्ये राष्ट्रीय नियमावलीने तो आकडा ३.५ फुटांवर आणला. २०० फूट रुंदीचा रस्ता सेकंदाला ४ फूट वेगाने ओलांडायला ५० सेकंद लागतात. पण गुडघे दुखणारा वृद्ध माणूस सेकंदाला ३ फूट चालला, तर त्याला ६७ सेकंद हवेत. म्हणजे १७ सेकंद कमी पडले. आणि ताशी ३५ मैलांनी येणारी गाडी १७ सेकंदांत सुमारे ८७० फूट अंतर कापते! पुस्तकातल्या सरासरी माणसासाठी रस्ता आखला, आणि प्रत्यक्षात रस्ता ओलांडत होती आजी.

शहराची आकडेवारीही हेच सांगते. न्यूयॉर्कमध्ये ६५ वर्षांवरील लोक लोकसंख्येच्या साधारण आठवा हिस्सा असताना, मरण पावलेल्या पादचाऱ्यांमध्ये त्यांचे प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक होते. म्हणूनच २००८ मध्ये शहराने ज्येष्ठांसाठी सुरक्षित रस्त्यांचा खास कार्यक्रम सुरू केला.

हा मुद्दा आपल्या घराघरांतला आहे. आपले आई-वडील सहा महिन्यांसाठी येतात. त्यांना इथे गाडी चालवता येत नाही, इंग्रजीचा संकोच असतो, आपण दिवसभर कामावर. अशा वेळी त्यांचे सगळे स्वातंत्र्य म्हणजे त्यांचे दोन पाय! माझी आई २००९ मध्ये आमच्याकडे रेगो पार्कला आली होती. पुण्यात लक्ष्मी रोड ती हात वर करून, रिक्षावाल्यांकडे बघत बघत आरामात ओलांडायची. इथे पहिल्याच आठवड्यात ती अर्ध्यात दुभाजकावर अडकली आणि पुढचा सिग्नल मिळेपर्यंत तिथेच उभी राहिली. दोन्ही बाजूंनी गाड्या सुसाट जात होत्या. घरी आल्यावर म्हणाली, ‘‘अरे, पुण्यात गाडीवाला शिव्या देतो, पण थांबतो तरी. इथे त्याला मी दिसतच नाही.’’ भुयारी स्टेशनातून पलीकडे जाता येते असे मी सुचवले, पण ते जिने तिच्या गुडघ्यांना झेपणारे नव्हते. त्यानंतर ती रस्त्याच्या अलीकडेच फिरायला जाई. पलीकडचे वाचनालय आणि बाग तिच्यासाठी जणू वेगळ्या गावात होती.

अपघाताच्या आकड्यांत अशा गोष्टी येत नाहीत. जो माणूस भीतीने रस्ता ओलांडणेच सोडून देतो, त्याची नोंद कुठल्याच तक्त्यात होत नाही.

चूक होणारच, जीव का जावा?

१९९७ मध्ये, म्हणजे क्वीन्स बुलेव्हार्डच्या त्या सर्वांत वाईट वर्षीच, स्वीडनच्या संसदेने ‘व्हिजन झीरो’ हे धोरण स्वीकारले. त्याचा गाभा सोपा आहे. माणूस चुकणारच, चालक चुकणार, पादचारीही चुकणार. पण त्या चुकीची शिक्षा मृत्यू असू नये, अशी रस्त्याची रचना असली पाहिजे. जबाबदारी फक्त वापरणाऱ्याची नाही, रस्ता आखणाऱ्याचीही आहे.

जानेवारी २०१४ मध्ये न्यूयॉर्कचे महापौर बिल डी ब्लासिओ यांनी हेच धोरण जाहीर केले. त्याच वर्षी अपघातांत आपली माणसे गमावलेल्या कुटुंबांनी एकत्र येऊन संघटना उभी केली आणि ती मंडळी थेट राज्याच्या राजधानीत, ऑल्बनीला जाऊन धडकली. नोव्हेंबर २०१४ पासून शहराची सर्वसाधारण वेगमर्यादा ताशी ३० वरून २५ मैल झाली. पाच मैलांनी काय फरक पडणार, असे तेव्हा पुष्कळ जण म्हणत. पण धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे आपण शाळेत शिकलो आहोत. ताशी ३५ मैलांनी जाणाऱ्या गाडीची ऊर्जा २५ मैलांच्या गाडीच्या जवळजवळ दुप्पट असते.

२०१५ पासून क्वीन्स बुलेव्हार्डची प्रत्यक्ष पुनर्रचना सुरू झाली. तिच्यात काय केले ते सांगण्यासारखे आहे, कारण त्यात फार चमत्कार नाहीत. मुख्य पदरांतून सेवा रस्त्यावर गाड्या वेग कमी न करता तिरप्या घुसत असत, तिथे त्यांना थांबायला लावले. सेवा रस्त्याचा एक पदर कमी करून ती जागा दुभाजकालगत सायकलींना आणि चालणाऱ्यांना दिली. दुभाजकांवर थांबण्याच्या जागा मोठ्या केल्या. सिग्नलवर गाड्यांच्या आधी काही सेकंद पादचाऱ्यांना हिरवा दिवा मिळू लागला, म्हणजे वळणाऱ्या चालकाला तो माणूस समोर दिसतो. आईची तक्रार हीच तर होती!

पहिला टप्पा वुडसाइडमध्ये २०१५ ला झाला, दुसरा एल्महर्स्टमध्ये २०१६ ला, तिसरा रेगो पार्कमध्ये २०१७ ला. विरोधही झाला. पार्किंगच्या जागा गेल्यामुळे दुकानदार नाराज होते आणि त्यांची चिंता खोटी नव्हती, कारण लांबून गाडीने येणारे गिऱ्हाईक हाच कित्येकांचा धंदा होता. एल्महर्स्टच्या स्थानिक मंडळाने सायकलमार्ग वगळून योजना मान्य केली, तेव्हा महापौरांनी तो मार्ग करायलाच लावला. फॉरेस्ट हिल्सचा चौथा टप्पा तर २०१८ मध्ये थांबला आणि पूर्ण व्हायला २०२४ साल उजाडले.

फळ मात्र लवकर दिसले. २०१५ आणि २०१६ या दोन वर्षांत ‘मृत्यूच्या बुलेव्हार्ड’वर एकही पादचारी किंवा सायकलस्वार दगावला नाही. पुढे अपघात पूर्णपणे थांबले असे म्हणता येणार नाही, पण १९९७ सारखे वर्ष पुन्हा आले नाही. सगळ्या शहरात १९९० मध्ये रस्त्यांवर ७०१ माणसे मेली होती, २०१८ मध्ये ती संख्या दोनशेच्या थोडी वर होती. कोविडच्या काळात ती पुन्हा वाढली. म्हणजे हे काम एकदा करून हात झटकण्यासारखे नाही.

फुटपाथची छोटी गोष्ट

रुंद रस्त्याची कथा नाट्यमय असते, फुटपाथची नसते. पण चालणाऱ्याचा निम्मा दिवस तिथेच जातो. कोपऱ्यावर फुटपाथ उतरता केलेला असतो, तो १९९० च्या अपंगांच्या हक्कांच्या राष्ट्रीय कायद्याचा परिणाम. लढा दिला अपंग बांधवांनी, पण बाबागाडी ढकलणारी आई, चाकांची पिशवी ओढणारे आजोबा आणि विमानतळावर बॅगा घेऊन निघालेले आपण, सगळेच त्याचे लाभार्थी आहोत. त्या उतारावरचे उंचवटे असलेले पट्टे अंध व्यक्तींना पायाने रस्त्याची कड कळावी म्हणून असतात. ही कल्पना जपानच्या सेइची मियाके यांची. १९६७ मध्ये ओकायामा शहरात ते प्रथम बसवले गेले.

न्यूयॉर्कमध्ये फुटपाथची निगा राखणे हे लगतच्या मालमत्तेच्या मालकाचे काम आहे. दिवसा बर्फ पडायचा थांबला की चार तासांत फुटपाथ मोकळा करावा लागतो. २००३ पासून, मालक स्वतः राहत असलेली छोटी घरे वगळता, फुटपाथवर कुणी पडून जखमी झाले तर त्याची कायदेशीर जबाबदारीही मालकाकडे आली. तेव्हा आपल्यातल्या ज्यांच्या इमारती किंवा दुकाने आहेत त्यांनी फावडे उचलताना हे लक्षात ठेवावे!

भारतातही वारे बदलत आहेत. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केले आणि जंगली महाराज रस्त्यावर रुंद, बसायला बाके असलेले फुटपाथ झाले. पुढच्या भारतभेटीत तिथून जरूर चालत जावे. मात्र फुटपाथवर दुचाकी आली तर बाजूला व्हायची तयारी ठेवावी!

आपण काय करू शकतो?

या इतिहासातून मला एक गोष्ट विशेष जाणवली. क्वीन्स बुलेव्हार्ड कुणा एका दुष्ट माणसामुळे घातक झाला नाही, आणि कुणा एका थोर माणसामुळे सुधारलाही नाही. अनेक छोट्या निर्णयांनी तो बिघडला आणि अनेक माणसांच्या चिकाटीने तो सावरला. संध्याकाळच्या कंटाळवाण्या बैठकांना हजर राहून, तीन मिनिटांत आपले म्हणणे मांडून, पुन्हा पुढच्या महिन्यात येणारी ही माणसे. त्यांत आपल्यासारखे चेहरे अजून कमी दिसतात. गणपतीच्या मंडपासाठी परवानगी काढायला आपण नगरपालिकेत उत्साहाने जातो, पण शाळेजवळच्या चौकात सिग्नल हवा म्हणून क्वचितच जातो.

आता आपल्यापैकी बरेच जण अशा उपनगरांत राहतात, जिथे काही रस्त्यांना फुटपाथच नाही. मोठ्या रस्त्याच्या कडेने, गवतातून, पांढऱ्या साडीतल्या आजी आणि काठी घेतलेले आजोबा देवळाकडे चालत निघालेले आपण सर्वांनी पाहिले आहेत. २०२४ च्या राज्याच्या नव्या कायद्याने न्यूयॉर्क शहराला बऱ्याच रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी २० मैलांपर्यंत कमी करण्याची मुभा दिली. इतर गावांनाही आपापल्या परीने पुष्कळ काही करता येते, मागणारा हवा.

तेव्हा एक साधी सूचना. या वर्षी घरी आई-वडील आले की एक दिवस त्यांच्याबरोबर, त्यांच्या चालीने, घरापासून दुकानापर्यंत चालत जा. सिग्नल किती सेकंदांचा आहे ते घड्याळात मोजा. फुटपाथ कुठे संपतो, दिवा कुठे बंद आहे, गाड्या कुठे वळताना थांबत नाहीत, ते लिहून काढा. आणि तो कागद घेऊन गावाच्या पुढच्या बैठकीला जा. बैठकीची तारीख नगरपालिकेच्या दारावर लावलेली असते.